बाणकोटी चांद

माधव नगर, उज्जैन
१८ ऑक्टोबर १९५६

प्रिय शरफू,

अक्षर मोठं आणि तिरकं दिसेल, हसू नकोस. हल्ली बारीक लिहिलं की माझं मलाच लागत नाही. विनोदिनी म्हणते, "पत्र लिहिताय की दुकानाची पाटी रंगवताय?"

तुझा पत्ता शेवटी बाणकोटहून मिळाला. तुझ्या पुतण्यानं दोन ओळी धाडल्या. 'चाचा कराचीत, बंदराजवळ धाकट्या भावाकडे असतात. नजर गेली आहे, पण पत्र घातलंत तर वाचून दाखवतील.' त्या ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. जो कोणी तुला हे वाचून दाखवत असेल, त्याला माझा नमस्कार.

तुझी नजर गेली. बाणकोटच्या तांडेलाच्या मुलाची नजर. खाडीच्या तोंडाशी गलबत दिसायच्या आधी ते कोणाचं हे सांगणाऱ्या घरातली.

दसरा झाला. सोनं वाटायला शाळेतले कोणी आले नाहीत. मी आपला खुर्चीत बसून जुने श्लोक म्हणत होतो. तुला आठवतं, तुझा भूगोलाचा वर्ग आणि माझा गणिताचा यांच्यात नुसता एक लाकडी पडदा होता? मी त्रैराशिक टाकून पोरांकडून कविता घोकून घ्यायचो आणि पलीकडून तुझा आवाज यायचा, "पंत, जरा हळू! इकडे गंगा उलटी वाहायला लागली!" सबंध शाळेत मराठी कविता कानाला गोड लागणारी माणसं दोनच, एक ग्वाल्हेर दरबारच्या कारकुनांच्या वंशातला भट आणि एक कोकणातला मुसलमान. बाकीचे सगळे म्हणायचे, ये दोनों क्या गुनगुनाते रहते हैं.

ईदला तुझ्या घरून कोरडा शिधा यायचा. शेवया, खारका, चारोळी, साखर, वेगवेगळ्या पुड्यांत, म्हणजे आमच्या चुलीवर आमच्या भांड्यात शिजेल. विनोदिनीच्या सोवळ्याला तुझ्या घरानं इतकं सांभाळलं. ती अजून म्हणते, तसा खुर्मा पुन्हा जमला नाही.

घड्याळ अजून तेच आहे, भिंतीवर, उज्जैनच्या वेळेवर. स्टेशनच्या घड्याळाच्या सत्तावीस मिनिटं मागे. सूर्य आमच्या डोक्यावर येईल तेव्हा आमचे बारा, हा माझा हट्ट तुला ठाऊकच आहे. जुन्या ज्योतिषांनी सगळी पृथ्वी जिथून मोजली त्या गावात राहून मी अलाहाबादकडच्या वेळेनं जेवू का? तू म्हणायचास, "जेव कधीही, पण गाडी चुकवू नकोस."

तू एकाएकी गेलास. निरोपही घेतला नाहीस. मी काही तक्रार करत नाही, पण मनात राहिलं.

एक गोष्ट सांगायची आहे. पुढच्या पत्रात सांगतो. आज हात दुखतोय.

तुझा
यज्ञेश्वर


१ नोव्हेंबर १९५६

प्रिय शरफू,

उद्या लक्ष्मीपूजन, आणि आज सकाळी उठलो तो मध्यप्रदेशात. ग्वाल्हेर सरकारात जन्मलो, मध्यभारतात पेन्शनीत निघालो आणि आता भोपाळचा झालो. या सगळ्यात माझं बिऱ्हाड एकदाच हललं, जुन्या गावातून माधव नगरात. खाली चौकात भाषण चाललंय. शेजारचे यादवजी मला विचारतात, "पंतजी, अब आप लोग बंबई की तरफ जाओगे क्या?" मी म्हटलं, दोनशे वर्षांपूर्वी निघालो तिथला पत्ता आता कोणाकडे आहे?

तू गेलास तेव्हा तुलाही असंच कोणी विचारलं असेल.

तुझं उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो म्हणतात. मी तोवर लिहीत राहतो.

आज त्या संध्याकाळबद्दल लिहायचं. एकोणपन्नास साल, जुलैची सव्वीस, मंगळवार. तुमचा एकोणतिसावा रोजा. आमचा श्रावण त्याच दिवशी लागलेला आणि इथल्या मालवी लोकांचा निम्मा संपलेला. एकाच गल्लीत तीन पंचांगं, आणि चंद्र एकच. तू म्हणायचास, बिचाऱ्यानं कोणाकोणाचं ऐकायचं.

आपला नेम ठरलेला होता. शाळेच्या गच्चीवरून नदीपलीकडची पश्चिम मोकळी दिसते. मी हिशेब मांडून सांगायचं, कुठे पाहायचं. तू पाहून सांगायचं, आहे की नाही. "तू सांगायचंस कुठे, मी सांगायचं आहे का." पंधरा वर्षं आपण ते पाळलं. मशिदीतले लोक तुझ्या शब्दाची वाट बघत थांबायचे. इमामसाहेब म्हणायचे, "बानकोटी साहब ने कह दिया तो कह दिया." उपनावातलं 'कर' त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. सगळ्या मोहल्ल्यासाठी तू बानकोटी साहब.

त्या दुपारी मला एक श्लोक सुचत होता. हिशेबाच्या कागदाच्या कडेलाच लिहिला.

नभाच्या कडेला रुपेरी नखाची
दिसे कोर आली कुणाच्या सुखाची

पुढच्या दोन ओळी कधी झाल्या नाहीत.

गच्चीवर आपण तिघं होतो. तू, मी आणि चपराशी नन्हे खाँ. दिवसभर झड लागून गेली होती, आभाळ राखेसारखं, पण पश्चिमेला ढगांत एक लांब फट होती. मी म्हणालो, "सूर्यास्तानंतर एकोणपन्नास मिनिटं चंद्र वर आहे. अठ्ठेचाळीस असली की दिसतो, असं शास्त्र आहे. आज निवांत दिसेल."

तू म्हणालास, "तुझं गणित दिसेल म्हणतं. माझा डोळा म्हणेल तेव्हा खरं."

मग मी तुला श्लोक ऐकवला. तू हसलास. "आधी दिसू तर दे रे भटा. तुझ्या श्लोकात चंद्र वृत्तासाठी उगवतो."

फट रुंद झाली. मी तुझं कोपर धरलं. "चिंचेच्या शेंड्यावर दोन बोटं. किंचित उजवीकडे. टोकं वर, डावीकडे झुकलेली. आहे ना?"

तू खूप वेळ पाहिलंस. उपरण्यानं डोळे पुसलेस. परत पाहिलंस. मग माझ्याकडे पाहिलंस.

"आहे ना?" मी पुन्हा म्हणालो.

"आहे," तू म्हणालास.

नन्हे खाँ तुझ्या बोटाच्या रोखानं बघत होता. तोही ओरडला, "हाँ, वो रहा! वो रहा!"

मला दिसला नव्हता, शरफू. मला वाटलं, माझे डोळे कारकुनी, तुझे दर्यावरचे.

बस. उद्याच्या पणत्या भिजत घालायच्या आहेत.

तुझा
यज्ञेश्वर


२४ मार्च १९५७

प्रिय शरफू,

थंडी गेली, तुझं उत्तर आलं नाही.

परवापासून सरकारनं नवी दिनदर्शिका सुरू केली. राष्ट्रीय. १ चैत्र, शके १८७९. वर्तमानपत्रात वाचून आधी मी हर्षानं उभा राहिलो. सगळ्या देशाचा हिशेब ज्या ठिकाणाहून मांडायचा त्याचा अक्षांश त्यांनी उज्जैनचा घेतलाय. मग पुढची ओळ विनोदिनीनं वाचली. रेखांश मात्र स्टँडर्ड टाइमचा. म्हणजे ते ठिकाण उज्जैनच्या बरोबर पूर्वेला कुठेतरी रानात पडतं. सत्तावीस मिनिटं पूर्वेला.

मी खाली बसलो. विनोदिनी म्हणाली, "एवढं काय झालं? सत्तावीस मिनिटांचा तर फरक."

तर ऐक, सत्तावीस मिनिटांत काय होतं ते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, तिलाही नाही.

चंद्रास्त मी छापील कोष्टकातून घेतला होता, सात बत्तीस. ते कोष्टक स्टँडर्ड टाइमचं. सूर्यास्त मी माझ्या वहीतून घेतला, सहा त्रेचाळीस. ती वही माझ्या भिंतीवरच्या घड्याळाची, उज्जैनच्या वेळेची. एकातून दुसरं वजा केलं आणि एकोणपन्नास आले. दोन्ही एकाच वेळेत घेतले असते तर बावीस आले असते. बावीस मिनिटांचा चंद्र ना तुला दिसला असता, ना तुझ्या वडिलांना. पहिल्या इयत्तेच्या पोरानं जी चूक केली तर मी त्याला ओणवं उभं करीन, ती मी केली. श्लोक जमत होता ना. एकोणपन्नास आकडा आला तो त्या आनंदात इतका छान बसला की मी फिरून पाहिलं नाही.

चूक मला बुधवारी दुपारी कळली. तुमची ईद चालली होती. रस्त्यावर नवे कपडे, अत्तर. तुझ्या घरचा शिधा आमच्या ओट्यावर येऊन पडलेला, आणि मी कागद हातात धरून.

गुरुवारी इंदूरहून, रतलामहून, देवासहून बातमी आली की कुठेच चांद झाला नव्हता. तिथे त्या दिवशी ईद. इथल्या सगळ्यांचा एक रोजा बुडाला होता.

आता आणखी सांगतो.

गुरुवारी संध्याकाळी इमामसाहेब माझ्या दाराशी आले. आत आले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. "मास्टरजी, लोग बहुत नाराज हैं. बानकोटी साहब कहते हैं कि उन्होंने देखा, और कुछ नहीं कहते. आप भी छत पर थे. आपने तो हिसाब लगाया होगा. आपका हिसाब क्या कहता था?"

मी म्हणालो, "मैं क्या जानूँ, साहब. ये तो आपका मसला है. इसमें मेरा हिसाब कहाँ से आ गया?"

ते "ठीक है," म्हणाले आणि गेले.

मी मनाशी म्हटलं, दिवस वाईट आहेत. मुसलमानांची ईद एका हिंदूच्या वहीनं बिघडवली असं बाहेर गेलं तर काय होईल? मोहल्ल्याच्या भल्यासाठीच गप्प बसावं. सात वर्षं मी हेच म्हणत आलो. पण दाराशी इमामसाहेब उभे होते तेव्हा हे माझ्या डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की गावभर होईल, पंतांची वजाबाकी चुकली.

माझी गवाही तर तुमच्यात चाललीच नसती. म्हणून ती मी तुझ्या डोळ्यांनी दिली.

आणि तुझे डोळे गेल्याचं मला ठाऊक होतं. जूनमध्येच. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं, तू नकाशावर काडी कराचीवर ठेवून 'मुंबई' म्हणालास. पोरं हसली. मी माझ्या वर्गातून मोठ्यानं ओरडलो, "कोण हसतंय रे तिकडे?" तेव्हा मला वाटलं, मी तुझी लाज राखली.

शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर त्या अत्तरवाल्यानं हात वर करून तुला विचारलं, "मास्टरजी, ये कितनी उँगलियाँ हैं?" मी समोर पानाच्या दुकानाशी उभा होतो. तो तुझ्यापासून दहा पावलांवर होता. तीन बोटं. तू बराच वेळ पाहत राहिलास आणि मग म्हणालास, "जितनी तुम कहो, मियाँ." सगळे हसले. मी पान घेतलं. खाल्लं.

आणि पहिल्या पत्रात लिहिलं की तू निरोप घेतला नाहीस. घेणार कुठून? त्याच वर्षी नोव्हेंबरच्या त्या सकाळी देवास गेटला बसच्या टपावर तुझी पेटी चढवत होते, भाभी बुरख्यात, आणि तू कोणाचं तरी बोट धरून पायरी चाचपत होतास. मी उसाच्या रसाच्या गाड्यामागे होतो. पाकिस्तानचं परमिट परतीचं नव्हतं हे मला माहीत होतं. बस सुटेपर्यंत थांबलो. चरखीचे घुंगरू वाजत होते.

झालं. आता तू मला काय लिहायचं ते लिही. शिव्या दे. बाणकोटी शिव्या दे.

यज्ञेश्वर


१९ एप्रिल १९५७

शरफू,

तुझं कार्ड पोचलं. नऊ ओळी. मला पाठ झाल्या, पोरपणी श्लोक व्हायचे तशा.

अक्षर भाभींचं आहे हे पाहूनच माझं पाणी झालं. म्हणजे तिन्ही पत्रं त्यांनीच वाचली. मी मूर्ख, कोणी पुतण्याबितण्या वाचत असेल असं धरून नमस्कार धाडत बसलो होतो. 'सात वर्षं मी हिला सांगितलं नव्हतं. आता हिला कळलं,' हे वाक्य त्यांच्याच हातानं त्यांना लिहावं लागलं.

तू लिहितोस की सत्तावीस मिनिटं तुला नवी नाहीत. गुरुवारी सकाळी तू माझ्याकडे आला होतास, मी अंघोळीला होतो, कागद टेबलावर होता; नाकाला लावून वाचलास आणि निघून गेलास. म्हणजे इमामसाहेब माझ्या दाराशी यायच्या आधीच तुला सगळं कळलं होतं. आणि तू बोलला नाहीस. मी बोलेन म्हणून थांबलास का? ते तू लिहिलेलं नाहीस.

'चंद्र मला दिसला नव्हता. तू इतका खूश उभा होतास की नाही म्हणवेना.'

हे वाचून विनोदिनी उठून आत गेली. कार्ड तिनंच मला वाचून दाखवलं. आता तिलाही कळलं. रात्री ताट वाढून समोर ठेवलं. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "आणि तो शिधा मी शिजवला."

'मला सांगून काय होणार? तिथे जाऊन सांग. माझं नाव तिथे आहे. इथे मी नुसता एक आंधळा म्हातारा.'

जातो. ईदच्या आधी जातो.

शेवटची ओळ भाभींची स्वतःची दिसते. 'आता पत्र घालू नये.' ऐकायला हवं. पण सांगितल्यावर काय झालं हे तुला कळवू नको का?

यज्ञेश्वर


२ मे १९५७

शरफू,

आज ईद. तुम्हा सगळ्यांना मुबारक. हे पत्र पाकिटात घालेन, टपालात टाकेन की नाही ठाऊक नाही.

परवा मंगळवार होता आणि एकोणतिसावा रोजा. बघ कसा योग. सवयीनं हिशेब मांडला, या खेपेस दोन्ही आकडे स्टँडर्डचे घेतले आणि विनोदिनीकडून तीनदा वाचून घेतले. एकतीस मिनिटं. दिसणार नव्हता. रोजा सुटल्यावर मी टांगा करून मशिदीत गेलो. गच्चीवर दहा-बारा माणसं पश्चिमेकडे तोंड करून उभी होती. कोणाला काही दिसत नव्हतं आणि कोणी दिसल्याचं म्हणत नव्हतं.

इमामसाहेब चार वर्षांपूर्वी वारले. मला माहीत नव्हतं. त्यांच्या जागी मुलगा आहे, हाफिजजी, तिशीचा, फार सभ्य. मला बसायला दिलं, सरबत दिलं. मी सगळं सांगितलं. कोष्टक, घड्याळ, एकोणपन्नास, बावीस. त्यांच्या वडिलांना मी काय उत्तर दिलं तेही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मास्टरजी, जिनका वो रोजा गया, उनमें से आधे उधर चले गए, आधे कब्रिस्तान में हैं. आप माफी किससे माँग रहे हैं?"

मी म्हटलं, "माफी नहीं. उनका नाम साफ हो जाए, बस. जुमे के दिन सबके सामने कह दीजिए कि बानकोटी साहब झूठे नहीं थे."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "बानकोटी... कोई आदमी थे?"

मला आधी उमगलं नाही. मग ते ओशाळून हसले. "हम तो बचपन से सुनते हैं. कोई झूठ बोले तो कहते हैं ना, बानकोटी चांद मत दिखा. हमने समझा, ऐसे ही कोई कहावत है."

हे मी तुझ्यापासून लपवलं होतं. मला ठाऊक होतं ते. सहा वर्षं ऐकतोय. फ्रीगंजच्या किराणेवाल्याकडे, सिनेमाच्या रांगेत, हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या तोंडी. एकदा आमच्या दूधवाल्याला कोणीतरी म्हणालं, "पानी नहीं मिलाया? बानकोटी चांद!" आणि चारचौघं हसली म्हणून मीही हसलो. तू म्हणालास, माझं नाव तिथे आहे. आहे. कोणाचं आहे तेवढं कोणाला माहीत नाही.

तरी हाफिजजी भले. म्हणाले, तेव्हाचा एक माणूस आहे, आणि नन्हे खाँला हाक मारली. थकलाय, दाढी पांढरी. मला ओळखून गळ्यात पडला. मी त्याला म्हटलं, "नन्हे, तू सांग यांना. त्या दिवशी चांद नव्हता. माझा हिशेब चुकला होता."

तो मागे सरला. "क्या बात करते हो, मास्टरजी? मैंने देखा था!"

"नहीं देखा था, नन्हे. हो ही नहीं सकता था."

"इमली के ऊपर. दो उँगल. आज भी आँख मूँदूँ तो दिखता है." त्याचा आवाज चढला. "सारे मोहल्ले ने मुझे झूठा कहा, मैंने जबान नहीं बदली. अब बुढ़ापे में आपके जोड़-बाकी के लिए मैं झूठा बन जाऊँ? आप तो उस दिन कुछ बोले नहीं. अब क्या बोलने आए हो?"

हाफिजजींनी त्याला शांत केलं. मला टांग्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, आता फार भानगड राहिली नाही, बाहेरगावची खबर रेडियोवर येते. आणि अगदी अदबीनं, खरंच विचारायचं म्हणून विचारलं, "वैसे आपका हिसाब क्या कहता है? कल तो दिख जाएगा ना?"

मी काही बोललो नाही. आठ वर्षांपूर्वी गच्चीवर नेमकं हेच करायचं होतं.

काल बुधवारी संध्याकाळी विनोदिनी मला गच्चीवर घेऊन गेली. तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. काल आपण होऊन म्हणाली, "चला, बघू या तरी." जिना चढताना तिनं माझा हात धरला होता. होळीनंतर डॉक्टरनं माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं तेव्हापासून ती मला येताजाता तपासते. कॅलेंडरवर काय लिहिलंय वाचा बरं. दारात कोण आलंय सांगा बरं.

"अहो, तो बघा!" ती म्हणाली. "त्या टाकीच्या वर. केवढा स्पष्ट!"

कुठे पाहायचं ते मला तिच्याआधी ठाऊक होतं. अंश, कला, सगळं. मी तिथे पाहिलं. तिथे पांढुरकं आभाळ होतं, धुतलेल्या पाटीसारखं. मी चष्मा पुसला. परत पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. तेवढ्या अंतरावरचं मला अजून दिसतं. तिनं माझं कोपर घट्ट धरलं होतं आणि महिनाभरात पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा होता.

"दिसला ना?"

"दिसला," मी म्हणालो.

"टोकं कुठे आहेत, सांगा."

"वर. डावीकडे झुकलेली."

"मग उगीच घाबरवलंन त्या डॉक्टरनं," ती म्हणाली.

उतरायच्या वेळी तिनं माझा हात सोडला. म्हणाली, "दिसतंय ना तुम्हाला चांगलं, मग व्हा पुढे. मी दोरीवरचे कपडे काढून आले."

जिन्यात अंधार होता. मी भिंतीला हात लावून पायऱ्या मोजत उतरलो. सतरा आहेत.

यज्ञेश्वर